मागे न फिरणारी पालखी

“...पण एका फेरीत होईल ना, बाबा? आरतीच्या आत?”

“काय होईल?”

“शहर! सगळं शहर बघून होईल ना?”

निवांतनाथबाबा मठाच्या पायरीवर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. त्यांनी मान वर करून वैजनाथाकडे पाहिलं. त्याचा एक पाय पायरीवर होता आणि दुसरा केव्हाच रस्त्याला लागला होता.

वैजनाथ मठात नवा होता. आल्यापासून त्याने मठाची विहीर, मठाची गाय आणि मठाची माणसं एवढंच पाहिलं होतं. शहर पाहिलं नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी भैरवनाथाच्या पालखीपुढचं निशाण त्याच्या हातात असणार होतं.

पालखी मठातून निघायची, जुन्या शहराच्या गल्ल्यांतून जायची आणि नदीच्या घाटावर टेकायची. पुढे निशाण, मग शिंग आणि ढोल, मग पालखी. निशाण वळेल तिकडे पालखी वळणार. इतकी वर्षं ते निशाण बाबांच्या हातात असायचं, पण यंदा गुडघे नाही म्हणाले. कोण घेतं, असं बाबांनी विचारायचा अवकाश, वैजनाथाचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला.

“घे,” बाबा म्हणाले.

ते इतक्या चटकन म्हणाले, की मठातली जुनी माणसं एकमेकांकडे बघू लागली.

त्याला कारण होतं. ही पालखी एकदा खांद्यावर घेतली की मागे फिरत नाही. पाऊलभरसुद्धा नाही. मागे घ्यावी लागली तर उत्सव तिथेच मोडला. पालखी उतरवायची, झाकायची, मुकाट मठात न्यायची, आणि पुढे वर्षभर नाथ कुणाच्या दारावरून जायचा नाही. आणि त्या शहरात तर पुढे बंद होणारे बोळ म्हणाल तितके.

“तुम्ही काळजी करू नका, बाबा. मी नर्मदेची परिक्रमा केलीय. एकट्यानं. कुणालाही वाट विचारली नाही.”

“नर्मदा कुठल्या हाताला ठेवलीस?”

“उजव्या.”

“सगळी परिक्रमा?”

“सगळी.”

“मग विचारणार तरी काय होतास?”

बाबा हसले आणि काठीसाठी हात पुढे केला.

“चल. दाखवतो तुला शहर.”

* * *

शहराच्या अंगात उत्सव आला होता. दुकानांवर पताका चढत होत्या, झेंडूच्या राशी ओतल्या जात होत्या, कुठल्याशा गच्चीवर शिंगवाला सराव करत होता आणि त्याचं शिंग मधेच रेड्यासारखं ओरडत होतं. वैजनाथाला काय पाहू आणि काय नको असं झालं. तरी तो ओठातल्या ओठात घोकत होता.

“कासार गल्ली... उजवीकडं... पिंपळाचा पार... सरळ...”

पहिल्याच तिठ्यावर बाबा थांबले. टपरीवर एक जण चहा गाळत होता.

“काय रे गजाभाऊ, नदीकडं कसं जायचं?”

गजाभाऊ फडकं खांद्यावर टाकून बाहेर आला. “घ्या! बाबा यंदाही विसरले!” आणि त्याने हात लांब करकरून वाट सांगितली. बाबांनी ती सबंध ऐकून घेतली, मधे एकदा “म्हणजे डावीकडं?” असंही विचारलं.

पुढच्या वळणावर ओट्यावर फुलं ओवणाऱ्या बाईला विचारलं. मग सायकलवाल्याला. मग दाढी करून घेत असलेल्या एका गृहस्थाला. तो तोंडाला फेस तसाच ठेवून रस्त्यात आला.

वैजनाथाचे कान तापले. माणसं हसत होती. आणि बाबांकडे बघून झालं की त्याच्याकडे बघत होती.

“बाबा, तुमचा जन्म इथला.”

“हो ना.”

“या वाटेनं तुम्ही निशाण नेलंत.”

“नेलं की.”

“मग वाट कसली विचारता?”

बाबा काठीवर रेलले.

“कसा आहेस म्हणून विचारलं, तर माणूस बरा आहे म्हणतो आणि आत बसून राहतो. वाट विचारली की दुकान सोडून बाहेर येतो.”

वैजनाथाला हे काही पटलं नाही. निशाण धरणाऱ्याने चारचौघांत वाट विचारायची म्हणजे काय... तो पुन्हा घोकू लागला.

पुढे एका कोपऱ्यावर तेलाचं दुकान होतं. त्याची अख्खी भिंत पिवळीजर्द रंगवलेली होती. तिथे बाबा डावीकडे वळले.

“पिवळी भिंत, डावीकडं,” वैजनाथाने मनात पक्कं केलं. त्याला भलताच आनंद झाला. अशी खूण असल्यावर आंधळासुद्धा चुकणार नाही!

थोडं पुढे गेल्यावर बाबा मुख्य गल्ली सोडून एका बोळात शिरले. बोळ अरुंद होत गेला. दोन वळणं घेऊन तो एका बंद दारापाशी संपला.

“पुढं वाट नाही,” वैजनाथ म्हणाला आणि पाठमोरा झाला.

बाबा हलले नाहीत.

“कुठं निघालास?”

“मागं.”

“उद्याही?”

वैजनाथाचं पाऊल जिथल्या तिथे थांबलं...

बाबांनी पुढे होऊन दाराची कडी वाजवली.

दार उघडलं. पिठाच्या हाताची एक बाई होती. “अगंबाई, बाबा! या.”

“पलीकडं जातो गं.”

“जा की.”

आणि बाबा सरळ आत शिरले. ओसरीवर एक म्हातारा आडवा झाला होता, त्याने पाय आखडून घेतले. माजघर ओलांडलं. स्वयंपाकघरात तव्यावरची भाकरी नुकतीच फुगली होती. बाईने ती बाबांच्या हातावर ठेवली. वैजनाथ अंग चोरत चोरत मागून आला आणि मागच्या दाराच्या चौकटीवर कपाळ आपटून घेतलं. बाहेर पडून पाहतो, तर समोर लख्ख उन्हात नदीचा रस्ता!

“बाबा, लोकांच्या चुलीपुढून कुठं वाट असते का?”

“आलास ना?”

“हे काही शहर बघणं झालं नाही!”

बाबांनी भाकरी मोडली आणि अर्धी त्याला दिली. “मीठ कमी आहे का बघ जरा.”

घाटावर दोघे पायरीवर बसले. समोर नदी संथ होती. भाकरी संपली.

“वाट पाठ झाली?”

“चोख! पिवळ्या भिंतीपाशी डावीकडं. तेवढं सांभाळलं की बाकी सरळ.”

बाबांनी तळहातावरचे भाकरीचे कण नदीत झटकले.

“उद्या मी इथंच बसतो,” ते म्हणाले.

* * *

दुसऱ्या दिवशी शहर असं सजलं, की त्याच्या आईनेही ओळखलं नसतं.

“भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!”

वैजनाथ निशाण घेऊन पुढे निघाला आणि त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. गुलाल उडत होता, मागे ढोल घुमत होते, गच्च्यांवरून फुलं पडत होती. कासार गल्ली झाली. पिंपळाचा पार झाला. गजाभाऊच्या टपरीवरून पालखी गेली तेव्हा त्याने कपबशा तशाच टाकून हात जोडले आणि मग तोही पालखीसोबत चालू लागला. वैजनाथाची छाती फुगली. काल दाखवलं, आज पाठ! वाटा काय, सगळ्या सारख्याच.

आता पिवळी भिंत यायची होती.

आली नाही.

बाजाराच्या मंडळींनी हौसेने दोन्ही बाजूंच्या भिंतींवर लाल कापड ताणलं होतं. सगळी गल्ली लालच लाल. तेलाचं दुकान कुठलं, कापडाचं कुठलं, काही कळेना. डावीकडे वळायला एक फट होती. पुढे आणखी एक दिसत होती.

पहिली की दुसरी?

गजाभाऊ त्याच्या अगदी कोपराशी चालत होता. नुसतं विचारायचं होतं. पण हातात नाथाचं निशाण, मागे सगळं शहर... आणि नर्मदेला ज्याने कुणाला वाट विचारली नाही, त्याने इथे विचारायचं? वैजनाथाचं तोंड उघडेना.

तो पहिल्या फटीतून वळला.

त्याच्यामागे शिंग वळलं. ढोल वळले. गजाभाऊ “अहो... अहो...” करतोय तोवर पालखीही वळली.

दहा पावलांत भिंती अंगाशी आल्या. ढोल एकामागून एक थांबले. मागून कुणीतरी ओरडलं, “अरे, हा पिंजार बोळ! पुढं बंद आहे!”

समोर दार होतं. बंद.

पालखीच्या पुढच्या दांडीला खांदा दिलेला मठातला म्हातारा काशीनाथ रडकुंडीला आला होता. “वैजनाथा,” तो हळूच म्हणाला, “मागं नको रे घ्यायला लावूस...”

आपल्या एका गर्वापायी वर्षभर नाथ कोंडला जाणार, हे वैजनाथाला लख्ख दिसलं. भूमी दुभंगेल तर बरं, असं त्याला झालं. आणि त्याच क्षणी त्याला बाबांचा कालचा हात आठवला, कडीकडे गेलेला.

त्याने निशाण काखेशी धरलं आणि कडी वाजवली.

दार उघडलं. दस्तगीर पिंजारी उभा होता, केसांत, भुवयांत, मिशीत कापूस. पालखीतल्या पादुकांखालची गादी दर वर्षी हाच भरून मठात पोचवायचा. त्याने वैजनाथाकडे पाहिलं, निशाणाकडे पाहिलं, मग मागच्या पालखीकडे पाहिलं.

“काय पाहिजे, महाराज?”

वैजनाथाने आयुष्यात पहिल्यांदा वाट विचारली.

“दादा... नदीकडं कसं जायचं?”

दस्तगीरचा चेहरा असा काही फुलला!

“इथूनच की!” तो म्हणाला आणि आत वळून ओरडला, “हलीमा! अगं, मागचं दार उघड! गाद्या उचल! पालखी आलीय!”

“कुठं?”

“आपल्या घरात!”

आत एकच धांदल उडाली. गाठोडी सरकली, पिंजायची धनुकली भिंतीला टेकली. कापसाची पोती ने-आण करायची म्हणून पिंजाऱ्याची दारं रुंद होती, आणि पालखी होती लहानशी. ती उंबरा ओलांडून आत आली. त्याच वेळी हलीमाबीने मागचं दार सताड उघडलं, नदीवरचा वारा थेट आत घुसला आणि पिंजून ठेवलेला सगळा कापूस उठला! माणसांवर, ढोलांवर, पालखीच्या छत्रावर, सगळीकडे कापूसच कापूस. कुणीतरी हसायला लागलं. मग सगळेच हसायला लागले.

हलीमाबी मात्र हसत नव्हती. दर वर्षी ती बोळाच्या तोंडाशी टाचा उंचावून उभी राहायची, आणि लोकांच्या खांद्यांमधून तिला छत्राचं टोक तेवढं दिसायचं. आता पालखी तिच्या घरात थांबली होती. तिने हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. पादुकांखालची गादी तळव्याने दाबून पाहिली.

“दबलीय,” ती म्हणाली.

तिने कोपऱ्यातून मूठभर मऊ कापूस आणला आणि पादुकांखाली सारला. दोन्ही बाजूंनी नीट खोचला.

“आता टोचायचं नाही,” ती पालखीला म्हणाली. मग पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली.

“चांगभलं!” दस्तगीर ओरडला. आणि त्या एवढ्याशा घरात सगळे ढोल एकदम वाजले.

* * *

बाबा घाटाच्या पायरीवर बसले होते. पालखी भलत्याच बाजूने येताना त्यांनी पाहिली. शिंगवाला पांढरा, ढोलवाले पांढरे, काशीनाथ तर नुकता पिठातून काढल्यासारखा. गजाभाऊ नाचत होता. आणि सगळ्यांच्या पुढे निशाण घेतलेला वैजनाथ, जवळजवळ धावत.

पालखी टेकली. वैजनाथाने बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“बाबा, चुकलो.”

“हं.”

“विचारायला हवं होतं. गजाभाऊ इथं होता, बाबा, एवढ्या जवळ! नाही विचारलं. मग दार वाजवलं... आणि विचारलं... आणि बाबा, ती हलीमाबी! तिनं गादी दाबून पाहिली... तुम्ही असायला हवं होतं!”

तो रडत होता की हसत होता, त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

“आता ठरलं, बाबा! पुढच्या वर्षीही तिथंच चुकतो. मुद्दाम!”

बाबांनी त्याच्या दाढीतला कापसाचा पुंजका वेचला. तो बोटांत फिरवला आणि वाऱ्यावर सोडून दिला. पुंजका शहराकडे गेला.

“बोळ अजून पुष्कळ आहेत,” ते म्हणाले. “कुठं चुकायचं, ते आत्तापासून ठरवू नकोस.”