भाकरीने मोजलेली सायकल

एकदा एका शिष्याला वैराग्य यायच्या वयात सायकल घ्यायची इच्छा झाली.

शिष्य म्हटल्यावर कोवळा बटू डोळ्यांपुढे आणू नका. डोळ्यांवर दुहेरी भिंगांचा चष्मा, पट्ट्याच्या शेवटच्या भोकाशी रोजची झटापट आणि नगरपालिकेत जन्ममृत्यूचे दाखले देण्याची नोकरी. नाव दिगंबर. त्याचे गुरू म्हणजे शाळेतले निवृत्त कवायत मास्तर. अर्ध्या गावाला सायकल शिकवली ती त्यांनीच. त्यांची पद्धत अशी, की सीट मागून धरल्याचे भासवायचे, "मी आहे, मी आहे" असे ओरडत राहायचे आणि मुकाट्याने हात काढून घ्यायचा. अशाच एका विश्वासघातात दिगंबर उकिरड्यावर जाऊन पडला आणि त्या दिवसापासून त्यांचा शिष्य झाला. न पडणारे आपापल्या घरी जातात. गुरू लाभतो तो पडणाऱ्याला.

तर या दिगंबरला साधी सायकल नको होती. खडी, मुरूम, गाडीवाट असल्या अधम मार्गांवरून जाणारी, जाड टायरची, बोकडाच्या शिंगांसारख्या हँडलची एक सायकल हल्ली निघाली आहे. तिला ग्रॅव्हल बाइक म्हणतात. ती हवी होती. आणि तिचा सांगाडा, म्हणजे फ्रेम, टायटॅनियम या धातूचाच हवा होता. हा धातू लोखंडाहून हलका. गंजत नाही, रंग मागत नाही, खड्ड्याचा हादरा बराचसा स्वतःच गिळतो आणि बसणाऱ्यापर्यंत थोडाच पोचवतो. इतके गुण दिगंबरला स्वतःच्या जावयातही सापडले नव्हते.

खिसा मात्र मध्यम होता. फाटका नव्हे, पण हात घातला की तळ लगेच बोटांना लागे.

इच्छेचे मूळ होते ऋतुजा, त्याची एकुलती लेक. ती कालव्यापलीकडच्या खेड्यात दिली होती. दिगंबर दर रविवारी सकाळच्या एसटीने तिच्याकडे जाई. परतीची एसटी संध्याकाळी. मधला सबंध दिवस काय करावे? माणूस रिकामा बसत नाही. तो लेकीचा संसार तपासू लागे. गॅसची नळी वाकवून बघे. डाळीचे डबे उतरंडीने लावून देई. जावई बायकोशी जरा मोठ्याने बोलला तर त्याला, आणि लेक उलट बोलली तर तिला, समान न्यायाने उपदेश करी. नवराबायकोत एखादा शब्द पडायचा अवकाश, की दिगंबर तो खाली पोचण्याआधीच झेली.

मागच्या रविवारी लेक त्याला एसटीपर्यंत सोडायला आली आणि पदराशी चाळा करत म्हणाली, "बाबा, पुढच्या रविवारी नाही आलात तरी चालेल हं."

हे वाक्य घशात माशाच्या काट्यासारखे अडकले. दिगंबरने आठवडाभर मनन केले आणि निष्कर्ष काढला की दोष एसटीचा आहे. संध्याकाळपर्यंत थांबावे लागते, म्हणून पोर कंटाळते. स्वतःची सायकल असली की हवे तेव्हा जावे, हवे तेव्हा यावे. मग रविवारीच का? बुधवारीही जाता येईल!

त्याच्या बायकोने कपाळाला हात लावला. "पोरगी येऊ नका म्हणतेय, आणि हे वाहन खरेदी करताहेत!"

पण बायकोचे ऐकायचे तर मग गुरू कशाला केला? दिगंबर मास्तरांना घेऊन शहरातल्या मोठ्या सायकलच्या दुकानात गेला.

दुकानदार तरुण, दाढी कोरलेला, बोलण्यात लोणी. दिगंबरच्या खिशात बसतील अशा तीन फ्रेमी त्याने चाके लावून उभ्या केल्या. पहिली नर्तकीसारखी सडपातळ. टायर आणि फ्रेम यांच्यामधून केस तेवढा जाईल. दुसरीचे नाव मोठे, अक्षरे त्याहून मोठी. तिसरी साधी होती, मागच्या बाजूला बसकट, एखाद्या गृहिणीसारखी ऐसपैस.

"सर, पहिलीच घ्या," दुकानदार म्हणाला. "विमानात वापरतात ना, तो धातू आहे. फिटिंग बघा, कुठे हवा जायलाही जागा नाही!"

दिगंबर विरघळला. त्याने फ्रेमवर टिचकी मारली, वाकून सांधे पाहिले, एका हाताने उचलली आणि लेकीच्या दारात उतरल्यासारखा चेहरा केला.

"विमान कुठं उतरवायचंय त्याला?" मास्तर म्हणाले. "गाडीवाटेनं पोरीकडं जायचंय."

आणि त्यांनी पिशवीतून फडके काढले, फडक्यातून ज्वारीची भाकरी काढली. चांगली जाड, काठाला किंचित करपलेली. तिची अर्धी घडी घातली आणि पहिल्या सायकलच्या मागच्या टायरवर ठेवून ती फ्रेमच्या खालून पलीकडे ढकलू लागले.

दुकानदाराचे लोणी तिथेच गोठले. "आजोबा! आजोबा, काय करताय?"

"मोजतोय."

"अहो, मोजायला पट्टी आहे आमच्याकडे!"

"पट्टी खाता येते का?"

भाकरी जाईना. तिच्या करपलेल्या काठाचा चुरा त्या विमानाच्या धातूवर सांडला. दुसऱ्या सायकलपाशी ती अर्ध्यावर गेली आणि रुतून बसली. दुकानातली बाकीची गिऱ्हाइके आता फुकटचा तमाशा बघायला गोळा झाली होती. दिगंबर भिंतीवरची हेल्मेटे एकाग्रतेने पाहू लागला. जणू हा म्हातारा कोणाबरोबर आला हे त्याला ठाऊकच नव्हते. तिसऱ्या सायकलला मात्र मास्तरांनी भाकरी लावली, चाक हाताने फिरवले, आणि भाकरी पलीकडून अख्खी बाहेर आली. मास्तरांनी ती झेलली, फुंकली आणि उभ्याउभ्या खाऊन टाकली.

"हीच घे," तोंड भरलेले असतानाच ते म्हणाले. "आणि उरलेल्यात चाकं चांगली घे. सगळा खिसा सांगाड्यावर सांडशील, तर सांगाडाच भिंतीला टांगून आरती करावी लागेल."

"पण मास्तर, ही तिघींत जड आहे हो."

"तुझं पोट किती जड आहे? त्याच्यापुढं हिचं काय घेऊन बसलास? मुकाट्यानं घे."

शाळेत असताना ज्यांच्या शिट्टीवर डावा पाय उचलला, त्यांच्यापुढे पन्नाशीतही उजवा उचलत नाही. दिगंबरने तिसरी घेतली. परतीच्या सबंध वाटेवर मात्र तो रुसून बसला होता. मनातल्या मनात पहिलीलाच तो नमस्कार करत होता.

रविवार आला. मास्तर म्हणाले, "मीही येतो कालव्यापर्यंत." आणि नातवाची शर्यतीची सायकल घेऊन हजर झाले. ती दुकानातल्या पहिलीहूनही कडक, टायर बोटाएवढे, फ्रेमला घट्ट बिलगलेले.

"मास्तर, ही कशाला आणलीत? त्या वाटेला?"

"झोकात दिसते," मास्तर म्हणाले.

कालव्याला पाणी सुटले होते. शेतात पाणी नेणारी चारी फुटून ते गाडीवाटेवर पसरले होते आणि काळी माती अशी भिजली होती, की पाय ठेवला तर चप्पल मातीची आणि माणूस अनवाणी. दोघे त्यात शिरले. मास्तरांचे चाक जेमतेम दहा हात गेले. माती टायरला चिकटली, टायरबरोबर वर गेली, फ्रेमखाली अडकली, तिच्यावर आणखी चिकटली आणि कणकेच्या गोळ्यासारखी घट्ट झाली. चाक थांबले. मास्तर आनंदाने आडवे झाले.

दिगंबरच्या चाकालाही माती तितकीच चिकटत होती. पण ती वर जाई, फ्रेमखालून सुटे आणि मागे थपाथप पडे. सायकल म्हशीसारखी डुलत, पण चालत राहिली. पलीकडे कोरड्या जमिनीवर पोचल्यावर त्याने मागे वळून पाहिले. मास्तर बांधावर बसले होते, चिखलाने माखलेले आणि अत्यंत प्रसन्न.

तो सायकल टेकवून चिखलातून परत आला. "मास्तर, लागलं का कुठं? तुम्हाला ठाऊक होतं हे असं होणार!"

"ठाऊक होतं म्हणून तर आणली. तुला नुसतं बोलून कधी कळलंय? उकिरड्यात घालावं लागतं." त्यांनी कानातली माती काढली. मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "दिग्या, धातू कुठलाही घे, माती चिकटायची राहत नाही. काळी आहे, तो तिचा स्वभाव आहे. चाक थांबतं ते मातीनं नव्हे. मातीला बाहेर पडायला जागा नसली की थांबतं. त्या दुकानात तू धातूच बघत बसलास. मी धातू जिथं नाही ती जागा मोजली."

दिगंबरने मान हलवली. सायकलपुरते त्याला पटले होते.

"आता पुढचं ऐक. नवराबायकोच्या संसारातही माती येते. रोज येते. दोन दिवस फिरते आणि आपोआप झडून पडते. पण तू दर रविवारी जाऊन त्यांच्या संसाराला असा बिलगून बसतोस, की बिचाऱ्यांना भांडायलासुद्धा जागा राहत नाही. मग ती माती जाणार कुठं? तिथंच घट्ट होते. पोरीनं तुला नको म्हटलं नाही, गाढवा. तिनं जरा सरकून बसा म्हटलं."

दिगंबर चष्म्यावर उडालेला चिखल पुसत बराच वेळ उभा राहिला. चष्मा पुसायला एवढा वेळ लागत नाही, हे मास्तरांना कळत होते. त्यांनी दुसरीकडे पाहिले.

"जा आता," शेवटी ते म्हणाले. "मी इथं माती उकरत बसतो. मला कुठं लेक आहे वाट बघायला?"

लेकीच्या अंगणात दिगंबर पोचला तेव्हा आत जुंपलेली होती. मळ्यातली पाण्याची मोटर कोणी चालू ठेवली, घरची टाकी भरून वाहिली, भिंत ओली झाली.

"तुम्हीच गेला होता ना मळ्यात शेवटी?"

"आणि तू घरात काय करत होतीस? पाणी ऐकू येत नाही का?"

दिगंबरचा हात कडीकडे गेला. निवाडा जिभेवर तयार होता, दोघांना पुरून उरेल एवढा. कडी थंड होती. त्याने हात मागे घेतला, अंगणातल्या नळापाशी गेला आणि सायकल धुवायला बसला. तार न् तार धुतली. आतला आवाज चढला, तेव्हा त्याने नळ मोठा केला. मग आवाज उतरला. मग बराच वेळ काहीच नाही. हा सगळ्यात अवघड वेळ होता. दोनदा तो अर्धा उठला आणि दोनदा खाली बसला. मग जावई काहीतरी पुटपुटला आणि लेक फिस्सकन हसली.

ती बाहेर आली, ओले डोळे आणि हसरे तोंड घेऊन. "बाबा! कधी आलात? हाक नाही मारलीत?"

"आत्ताच आलो. सायकल घाण झाली होती."

तिने त्याच्याकडे निरखून पाहिले. आता प्रश्न येईल, मग उपदेश, मग डबे. काहीच आले नाही. तिघांनी ओसरीवर चहा घेतला. जावयाने सायकल उचलून पाहिली आणि "मामा, भारीच की!" म्हणाला. कप खाली ठेवून दिगंबर उठला.

"निघालात? एवढ्यात?" लेक म्हणाली. "जेवूनबिवून जा की."

"मास्तर बांधावर बसलेत, चिखलात. त्यांना घेऊन जातो."

ती फाटकापर्यंत आली. "मग पुढच्या रविवारी?"

"बघू."

"बघू काय बाबा! या ना."

तो नुसता हसला. पहिल्या हाकेला धावत सुटायचे नाही, एवढे त्याने वाटेतच ठरवले होते. पण "या ना" हे दोन शब्द मात्र त्याने कालव्यापर्यंत जपून आणले.

मास्तर तिथेच होते. निम्मी माती निघाली होती, निम्मी त्यांच्या अंगावर गेली होती. "काय म्हणाली?"

"या म्हणाली."

"तू काय म्हणालास?"

"बघू म्हणालो."

मास्तरांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिले आणि पाठीत एक सणसणीत थाप घातली. चिखलाचा पंजा सदऱ्यावर उमटला. दिगंबरने ती अडकलेली शर्यतीची सायकल उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि आपली नवी सायकल मास्तरांपुढे केली. कोणाला हात लावू द्यायची नाही असे त्याने सकाळी ठरवले होते, तीच. मास्तर टांग टाकून बसले. घंटी बसवायची राहून गेली होती, म्हणून तोंडानेच "ट्रिंग ट्रिंग" करत ते पुढे निघाले, आणि सीट मागून न धरता दिगंबर त्यांच्या मागून चालत राहिला.