झोळीची दोन टोके

त्या दिवशी थंडी चांगलीच होती, पण ऊन असे कोवळे पडले होते की गावातली म्हातारी माणसे भिंतीला पाठ लावून बसली होती, उठायचे नाव घेत नव्हती. अशा त्या उन्हात एक साधुबाबा शिष्याला घेऊन विणकरांच्या आळीत भिक्षेला आले.

आळीत घरोघर माग खटखटत होते. एका घरातला माग तेवढा मुका होता, आणि आतून तान्ह्या पोराचे रडणे येत होते. ते घर सगुणाचे. ती आणि तिचा नवरा गणोबा, दोघेही विणकर. सगुणासारखा काठ साऱ्या आळीत कुणाला जमत नसे, बरं का. पण पोर रांगू लागले आणि मागाच्या ताण्यात हात घालू लागले. धागे तुटायचे. शेवटी उद्या आपला माग उतरवायचा असे तिने ठरवले. ठरवले खरे, पण डोळे पुसायचे काही थांबेनात.

बाबा दारात आलेले पाहून गणोबा म्हणाला, "बाबा, तुम्हीच समजवा हिला. राजानं दवंडी दिलीय. आईबाप दोघं कामाला असले, तर पोर सांभाळणारीचं निम्मं वेतन सरकार देणार. शेजारची येसूआजी एका पायावर तयार आहे. पण तिलाही पोट आहे, फुकट कसं सांगायचं? तर ही ऐकतच नाही."

"नाहीच ऐकणार," सगुणा म्हणाली. "आमच्या घरात आजवर कुणी कुणापुढं झोळी पसरली नाही."

शिष्याने मान डोलावली. "माई योग्यच बोलतात. याचना ही हीनच."

"असं? मग सकाळपासून आपण काय करतोय रे?" बाबांनी विचारले. शिष्य गोरामोरा झाला, तशी रडती सगुणाही हसली.

बाबांनी खांद्यावरची झोळी काढली. आतले दाणे सुपात ओतले. गाठ सोडली, तेव्हा झोळीचे निघाले एक लांब जुने उपरणे. त्याचे एक टोक त्यांनी तुळईला घट्ट बांधले आणि शिष्याला म्हणाले, "ठेव बाळाला यात."

"बाबा, पडेल की! एकच टोक बांधलंय."

"मग बांध दुसरं."

शिष्याने दुसरे टोक बांधले. पोराला आत घालून झोका दिला, तसे ते हुंदके देत देत खुदकन हसले.

बाबा म्हणाले, "पोरी, कापड तेच. पसरलं की भीक, बांधलं की पाळणा. तुझ्या कापडावर राजा जकात घेतो, उद्या या पोराच्या कष्टावरही घेईल. मग पाळण्याचं एक टोक त्यानं धरलं, तर तो उपकार कसला? दुसरं टोक तुमच्या कष्टाचं आहेच. एका टोकावर पाळणा राहत नाही, बाई."

सगुणा झोक्याकडे बघत राहिली. मग पदर खोचून मागावर बसली आणि तिने धोटा फेकला. खट्, खट्. आळीला तिचा माग ओळखू आला.

बाबा रिकाम्या खांद्याने निघाले. दारात येसूआजी उभी होती, पोराला आंदुळायला आलेली. तिने सारे ऐकले होते. ती म्हणाली, "बाबा, झोळी तर गेली तुमची. आता उद्यापासून भिक्षेला येऊ नका, जेवायलाच या!"