तांबटाचं शांत घर

फार पूर्वी, तांब्याच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या एका गावात एक तांबट राहत होता. त्याच्या आळीत उजाडल्यापासून ठोकठोक चाले. घराघरांतून हंडे, कळशा, घंगाळी घडत आणि त्या आवाजावर आवाज चढवून माणसं एकमेकांशी बोलत.

तांबटाची पन्नाशी उलटली. बायको वारली होती, मुलगी लांबच्या गावी दिली होती. तो म्हणायचा, "जन्मभर कान किटले. आता निवांत बसायचं." आपण सगळे असंच म्हणतो. यानं मात्र ते केलं. आळीतलं घर विकलं, टेकडीवर जाड भिंतींचं घर बांधलं आणि हातोडी खुंटीला टांगली. मनात येईल तेव्हा तो जेवे, दुपारभर लोळे. त्याला स्वर्ग दोन बोटं उरला.

आळीतला शिंपी त्याचा लहानपणापासूनचा मित्र. तो रोज संध्याकाळी टेकडी चढून येई आणि काठीने दार ठोके. "चल रे, पारावर बसू. तेवढेच पाय मोकळे होतील."

"आज नको," तांबट म्हणे. एके दिवशी तो वैतागला. "या ठोकठोकीला कंटाळूनच इथे आलो ना मी? पुन्हा दार वाजवू नकोस. आणि आळीतही सांग, मला कुणी त्रास देऊ नका."

शिंपी माघारी वळला. "मलाही बोलायला कुणीतरी लागतं, म्हणून येत होतो," एवढंच बोलून तो उतरून गेला. मग आला नाही.

हळूहळू तांबटाचे गुडघे धरले. झोप उडाली, घास उतरेना. सकाळी उठायचं कशासाठी, हेच त्याला समजेना. कारण नसताना रडू येई. शेवटी एका संध्याकाळी तो धडपडत आळीत गेला. शिंप्याच्या दाराला कुलूप होतं.

"त्यांना देवाघरी जाऊन महिना झाला," शेजारीण म्हणाली. "कळवणार होतो. पण तुम्हीच म्हणाला होतात ना, त्रास देऊ नका."

तो कसाबसा वर पोहोचला. गुडघ्यांनी त्याला पुन्हा खाली उतरू दिलं नाही. मग रोज संध्याकाळी तो दारात रिकामा हंडा घेऊन बसे आणि हातोडीने ठोकत राही. घडवायचं काहीच नव्हतं. आवाज ऐकून कुणीतरी वर येईल, एवढीच आशा होती.

खाली आळीत लोक ऐकत आणि म्हणत, "बघा, या वयातही हात चालतोय. सुखी माणूस. त्याच्या कामात कशाला व्यत्यय आणायचा?"

ठोकून ठोकून हंडा पातळ झाला आणि एक दिवस फाटला. त्यानंतर टेकडीवर अगदी शांत झालं.

तात्पर्य: उतारवयात देहाला आराम लागतो, पण मनाला रोजचं थोडं काम, थोडं चालणं आणि कुणाची तरी हाक लागते. ती हाक आपणच बंद केली, तर पुन्हा ऐकू येईलच असं नाही.