जट सोडवणारी बनाक्का

मंजुळेच्या डोक्यावरची जट सोडवली ती बनाक्का सणगरणीने. एकही केस न कापता सोडवली, तेलाने सोडवली आणि साऱ्या गावादेखत, माळाई देवीच्या पायरीवर बसून सोडवली. हे आधीच स्पष्ट सांगितलेले बरे; कारण पुढे ही गोष्ट सांगताना कुणी सारे श्रेय देवीला दिले, तर कुणी दैवाला. देवीचा वाटा होताच, आणि तो कोणता, तेही येईलच. पण हात बनाक्काचे होते.

ही हिंगणमाळची गोष्ट. गावातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारा. त्यानेही ती आपल्या आजीकडून ऐकलेली असते, आणि त्या आजीनेही ती ऐकलेलीच असते. इतकी ती जुनी. त्या काळी गावाभोवती कुसळांखेरीज काही उगवत नसे. विहिरींचे पाणी मचूळ होते. त्या पाण्याने न्हायले की केस काथ्यासारखे राठ होत. आणि गावाच्या डोक्यावर, उंच माळावर, माळाईचे देऊळ होते. एखाद्या मुलीच्या केसांचा गुंता होऊन त्याची दोरी वळली, की लोक म्हणत, देवीने हिला बोलावले. मग त्या जटेला तेल नाही, फणी नाही. कात्री लावली तर देवीचा कोप. चैत्री पौर्णिमेच्या जत्रेत त्या मुलीच्या हाती परडी देत आणि ती आईबापांचे घर सोडून देवीची होऊन जाई. दारोदार जोगवा मागत तिचा जन्म सरे.

बनाक्का जातीची सणगरीण. मेंढ्यांची लोकर पिंजावी, कातावी आणि घोंगडी विणावीत, हे तिच्या घरचे काम. बाई उंच, आवाजाने खणखणीत आणि कामात अशी काटेकोर की, तिच्या घोंगड्यातून पाऊस आत शिरायलाही परवानगी मागत असे, असे म्हणतात. सुनेने पिंजलेल्या लोकरीत एक गाठ सापडली, तर ती सगळी रास पुन्हा पिंजायला लावी. “गाठ ठेवून विणलं तर घोंगडं न्हाई होत, गोणपाट होतं,” असे ती म्हणे.

एका वर्षी मोठा दुष्काळ पडला. त्यात हौसा नावाच्या विधवेची मुलगी मंजुळा तापाने अंथरुणाला खिळली. हौसाला ही एकच लेक. ताप उतरला, पण पोरीच्या केसांना कित्येक महिने ना तेल मिळाले होते, ना फणी. ती उठून बसली तेव्हा मानेवर केसांचा एक लठ्ठ, कोरडा दोर लोंबत होता.

तो पहिल्यांदा पाहिला नागूबाई जोगतिणीने. नागूबाईच्या स्वतःच्या डोक्यावर जट होती, कमरेपर्यंत आलेली आणि इतकी जड की तिची मान कायम एका अंगाला कललेली असे. ती मंजुळेएवढी असतानाच तिच्या हाती परडी आली होती. ती हौसाच्या दारात जोगवा मागायला आली, मंजुळेकडे बघत राहिली आणि म्हणाली, “हौसा, आईनं तुझ्या घराला हाक मारली गं.”

हौसाने लेकीला पदराआड घेतले. संध्याकाळपर्यंत गावभर झाले. देवळाचे पुजारी तातोबा गुरव मनाने वाईट नव्हते. पण वाडवडिलांनी सांगितले त्याच्या पुढे एक पाऊल टाकण्याची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी सांगितले, “पौर्णिमेला पोरगी आईच्या ओटीत घाला.”

पाडव्याच्या दिवशी बनाक्का हौसाच्या घरी गेली. कुणी बोलावले नव्हते. तशी ती कुणी बोलावण्याची वाट पाहणारी बाई नव्हतीच. तिने मंजुळेला पुढ्यात बसवले. पोर अंग चोरून बसली. बनाक्काने तो केसांचा दोर हातात घेतला, बोटांनी चाचपला, नाकाशी नेला, उन्हात धरला.

“आक्का,” मंजुळेने हळूच विचारले, “मला लांब जावं लागंल का गं?”

“कुटं जातीस? तुझं डोकं कोरडं पडलंय, एवढंच. अशी लोकर म्या जन्मभर सोडवलीया.”

ती तडक देवळात गेली. तिथे तातोबा, गावचे पाटील आणि नागूबाई बसली होती.

“तातोबा, मला पौर्णिमेपर्यंत मुभा द्या,” ती म्हणाली. “पोरीच्या डोक्याला तेल घालते.”

“जटेला तेल? बनाक्का, काय बोलतीस तू!”

“कात्री लावत न्हाई. एक केस कापत न्हाई. आईनं घातलेली जट असंल, तर माझ्या तेलानं सुटंल व्हय? आन् सुटलीच, तर मग ती आईची न्हवती.”

तातोबा पाटलांकडे बघू लागले. नागूबाई मात्र उसळली, “आन् न्हाई सुटली तर? आईच्या वस्तूला हात लावल्याचा कोप कुनाच्या डोक्यावर?”

“माझ्या. न्हाई सुटली तर म्या परडी घेऊन पोरीसंगं निघते. दोघी मिळून जोगवा मागू. तुलाबी सोबत हुईल, नागू.”

पाटलांना हसू आले, पण त्यांनी ते मिशीत दाबले. मुभा मिळाली.

पण दुष्काळात औषध आणायचे कुठून? केसांना जीव देणारा माका ओलीत वाढतो, आणि साऱ्या शिवारात ओल उरली नव्हती. बनाक्का ओढे हिंडली, विहिरींच्या कडा धुंडाळून आली. शेवटी दमून ती देवळाच्या मागे टेकली, आणि तिथे तिला माका दिसला. माळाईला रोज घागरभर पाण्याने स्नान घालीत. ते पाणी मोरीतून मागे जाई आणि त्या हातभर ओलीत हिरवागार माका दाटला होता. शेजारी लाल जास्वंद होती, खडकाच्या बेचक्यात कोरफड होती. “आईनं औषध आपल्या पायाशीच ठेवलंय,” बनाक्का मोठ्याने म्हणाली, “आन् आपण पोरी देत बसलोय!” ती संध्याकाळी माका खुडून नेई, आणि सकाळी तिथे तेवढाच पुन्हा उभा असे, असे म्हणतात. देवीचा वाटा तो हा.

तिळाचे तेल कुणाच्याच घरी पुरेसे नव्हते. म्हणून बनाक्काने दारोदार जाऊन पळीभर तेल मागितले. कोपाच्या भीतीने काही दारे लागली. पण त्याच घरांच्या परसदारी बायका पदराआड वाटी घेऊन उभ्या राहिल्या. पाटलीणबाईंनीही दिले, आणि पाटलांना सांगितले नाही. अशा अनेक घरांचे तेल एका मडक्यात एक झाले.

त्या तेलात बनाक्काने माक्याचा रस घातला, जास्वंदीची फुले चुरली, कोरफडीचा गर घातला, मूठभर मेथी भरडून टाकली आणि मडके मंद आचेवर ठेवले. जाळ मोठा केला तर तेल करपते आणि करपलेले तेल केसांना जाळते. लहान ठेवला तर रसातले पाणी आत राहते आणि तेल आंबते. पाणी आटले की नाही, हे ती कापसाची वात बुडवून, पेटवून पाही. वात तडतडली, तर अजून पाणी आहे. वात मुकाट्याने, एकसारखी जळली, म्हणजे तेल झाले. पहिल्याच संध्याकाळी अशी वात शांत जळली आणि त्या वासाने पोळ्यांतल्या मधमाश्या सणगरांच्या आळीत उतरल्या, असे म्हणतात.

तेल कोमट करून तिने जटेत जिरवले आणि वर ओले फडके गुंडाळले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. केस धुवायला शिकेकाई नाही, रिठा नाही. जास्वंदीची पाने पाण्यात चोळून जो बुळबुळीत रस निघतो, त्याने धुवायचे. तरीही जट सुटेना. चावडीवरचे लोक थट्टा करू लागले.

“बनाक्का, पोरीच्या डोक्याचं घोंगडं विणतीयास का काय?”

“व्हय बाबा. तुझ्या तोंडावर टाकायला.”

मग एके दुपारी घात झाला. बनाक्का माका आणायला गेली असताना हौसाला धीर धरवेना. जट जरा मऊ लागली, म्हणून तिने फणी घेतली आणि आई लेकीचे केस विंचरते तशी ती टाळूपासून खाली ओढली. गुंता आवळला, केस तुटले, पोर किंचाळली. तो आवाज ऐकून शेजारच्या बायका आणि नागूबाई दारात जमल्या. फणीवर रक्ताचा थेंब पाहून बायका मागे सरल्या. “कोप! कोप झाला!” नागूबाईने भंडारा उधळला.

बनाक्का धावत आली. तिने फणी काढून घेतली आणि चुलीत टाकली. हौसा रडत होती. “माजंच चुकलं, आक्का. आता पोर गेली माजी.”

“गप. रडून केस सुटत न्हाईत. हौसे, मेंढीची गठुळलेली लोकर कुठनं सोडवत्यात?”

“म्या काय सणगरीण हाय व्हय?”

“शेंड्याकडनं! मुळाकडनं वढलं की सगळा गुंता खाली जाऊन बसतो. शेंडा सोडवावा, मग बोटभर वर, मग आनी बोटभर. आन् फणी न्हाई. बोटं.”

त्या दिवसापासून बनाक्काने मंजुळेला देवळाच्या पायरीवर बसवले. “जे काय हुईल ते आईसमोर आन् सगळ्यांसमोर हुईल,” असे तिने बजावले. ती शेंड्याला तेल लावी, थांबे, बोटांनी केस केसापासून सोडवी आणि सुटलेल्या केसांची सैल गाठ मारून बाजूला ठेवी. घाई नाही, ओढणे नाही. हौसा समोर बसून मडक्यातले तेल कोमट ठेवी. हळूहळू इतर बायकाही येऊन बसू लागल्या. आधी लांब बसल्या, मग जवळ सरकल्या आणि शेवटी त्यांनीच बोटे तेलात बुडवून बाजूच्या बटा सोडवायला घेतल्या. रोज तेल निघत होते, तरी मडके तळाला गेले नाही, असे म्हणतात.

पौर्णिमा उजाडली. हलगी वाजू लागली, माळावर माणूस मावेना. मंजुळेच्या पाठीवर केस पसरले होते. पण मानेपाशी मुठीएवढी एक गाठ शिल्लक होती, दगडासारखी घट्ट. दिवेलागणीला पालखी देवळातून बाहेर निघाली. तातोबांनी नवी परडी हातात घेतली. ते म्हणाले, “बनाक्का, वेळ झाली.”

“पालखी पायरीवर येऊ दे. तंवर वेळ हाय.”

तिने मडके उचलून उरलेले सगळे तेल त्या गाठीवर ओतले. एक थेंबही पायरीवर पडला नाही; गाठीने सारे पिऊन टाकले, असे म्हणतात. मग तिची बोटे आत शिरली. हलगी थांबली. ती कधी आणि कुणाच्या सांगण्यावरून थांबली, हे कुणालाच आठवत नाही. बनाक्काच्या कपाळावर घाम होता. एकदम तिने बोटे बाहेर काढली. चिमटीत एक वाळलेला गोखरू होता. तापाच्या आधी मंजुळा शेळ्यांमागे माळावर हिंडे, तेव्हा कधीतरी तो काटा केसांत अडकला होता, आणि त्याच्याभोवती सगळा गुंता वळत गेला होता.

काटा निघाला आणि गाठ आपोआप उलगडली. मंजुळेचे केस मोकळे झाले. पायऱ्यांवरून ओघळत ते पालखीच्या भोयांच्या पावलांपर्यंत पोहोचले आणि त्यांत देवीच्या दिवट्यांचा उजेड तळ्यातल्यासारखा हलला, असे म्हणतात.

बनाक्काने काटा उंच धरला. “बघा! हा आईनं न्हाई लावला. माळानं लावला!”

हौसाने लेकीला पोटाशी धरले. तातोबा हातातल्या परडीकडे बघत राहिले. तेवढ्यात गर्दी दुभंगली आणि नागूबाई पुढे आली. आता ही शाप देणार, असे सर्वांना वाटले. नागूबाईने आपली जुनी परडी पायरीवर ठेवली, बनाक्काकडे पाठ केली आणि लहान मुलीसारखी तिच्या पुढ्यात बसली.

“बनाक्का,” ती म्हणाली, “माजी सुटंल का गं?”

बनाक्काने ती जड जट हातात घेतली. बराच वेळ चाचपली. ती कधी खोटे बोलली नव्हती, आणि त्या क्षणीही बोलली नाही.

“नागू, सगळी न्हाई सुटायची. लई वर्षं झाली. पन जेवढी सुटंल तेवढी सोडवू. मानेवरचं वजन तरी उतरंल.”

“उतरू दे,” नागूबाई म्हणाली. “मला कुनी तेल लावलंच न्हवतं गं.”

बनाक्काने मडक्यात हात घातला. ते रिकामे झालेले सर्वांनी पाहिले होते, तरी हात तेलाने माखून वर आला, असे म्हणतात. मग नागूबाईचे डोके मांडीवर घेऊन ती गावाकडे वळली. “आता ठरवा. म्या हितनं उठायच्या आत ठरवा.”

पालखी खाली ठेवून गाव तिथेच बसले. ठरले ते असे: केसांत गुंता झाला म्हणून हिंगणमाळची एकही मुलगी यापुढे घराबाहेर जाणार नाही. तिच्या डोक्याला तेल मिळेल, आणि ते साऱ्या गावाचे असेल. चैत्री पौर्णिमेला माळाईच्या दिव्यात तेल पडण्याआधी गावातल्या मुलींच्या केसांना पडेल. आणि जिला तेल लावायला घरी कुणी नाही, ती पहिल्या पायरीवर बसेल. तसे ते आजही होते. त्या तेलाला बनाक्काचे तेल म्हणतात, ते फक्त बोटांनी लावतात आणि लावणारी शेंड्यापासून सुरुवात करते.

“तोंडी नको,” बनाक्का म्हणाली. “पायरीला हात लावून बोला.”

तातोबा गुरवांनी वाकून पायरीला हात लावला. पाटलांनी लावला. हौसाने मंजुळेचा हात आपल्या हातात धरून लावला. गावातली माणसे एकामागून एक वाकली. नागूबाईला वाकता येईना, कारण तिचे डोके बनाक्काच्या मांडीवर होते. तिने बसल्या जागेवरूनच हात लांबवला, पायरीवर तळवा टेकवला आणि मग डोळे मिटून घेतले.