बोलकी गुहा आणि कण्हेरीचा पाला

फार फार वर्षांपूर्वीची, डोंगर आजच्यापेक्षा जरा उंच होते तेव्हाची ही गोष्ट. एका माळावर मेंढपाळांची वस्ती होती आणि वस्तीजवळ एक बोलकी गुहा होती. तिच्या तोंडाशी बसलं की आतून गाणी यायची, गोष्टी यायच्या, भिंतीवर रंगीत चित्रं हलायची. आत कोण आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर कुणी विचारलंच नव्हतं.

कारण सोय मोठी होती. मेंढ्यांची लोकर कातरायचे दिवस आले की मोठ्यांना मान वर करायला फुरसत नसे. मग मुलांना गुहेपाशी बसवायचं आणि कात्री हातात घ्यायची. मुलं गप्प, आईबाप खूश. आयती राखण मिळाल्यावर राखणदाराचं कूळ कोण विचारतो?

त्या वस्तीत एक मेंढपाळीण होती. तिला आठ वर्षांची मुलगी होती, मोठी बडबडी. पण गुहेपाशी बसू लागल्यापासून ती गप्प झाली, ताटात अर्धी भाकरी ठेवू लागली, आईकडे पाठ करून झोपू लागली. आईला वाटलं, पोर शहाणी झाली. शेजारणींना तिने कौतुकाने तसं सांगितलंही. आईसुद्धा कधी कधी अशी चुकते, तिला हसू नये.

एके दिवशी सकाळी कात्रीला धार लावता लावता आईने मुलीच्या हाती नवं कोकरू दिलं आणि बजावलं, की ओढ्याकाठी विषारी कण्हेर आहे, याला एकटं सोडू नकोस, हे दिसेल त्याला तोंड लावतं. मुलगी कोकराला कुरवाळत उभीच राहिली. मग खाली बघत तिने विचारलं, "आये, यानं तो पाला खाल्ला, तर तू याला मारशील?"

"मारीन कशाला? त्याला काय कळतंय? आधी तोंडातला पाला काढीन, मग जवळ घेऊन बसेन."

"आणि त्याला कुणी सांगितलं असलं, की घरी सांगू नको, तर?"

आईचा हात थांबला. कोकराला असं कोण सांगणार? कात्री बाजूला ठेवून ती मुलीच्या शेजारी जाऊन बसली.

हळूहळू पोर बोलू लागली. आधी गोष्टी होत्या. मग भिंतीवर अशी चित्रं आली, की डोळे मिटले तरी दिसत राहायची. मग आतला आवाज तिला नावाने हाक मारू लागला. उद्या एकटीच आत ये, म्हणाला. घरी सांगितलंस तर आई तुला मारेल आणि घराबाहेर काढेल, असंही म्हणाला.

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तू बघितलंसच कशाला, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. तिने ते गिळले. त्या एका घोटाने पोरीचा जीव वाचला, एवढं ध्यानात ठेवा.

"बरं केलंस सांगितलंस," ती म्हणाली. "तुझं काही चुकलं नाही, बाळा. तुला तिथं मीच बसवलं होतं." आणि दोघी पोटभर रडल्या.

मग वस्ती गोळा झाली. मशाली घेऊन माणसं आत शिरली, तर एका कपारीत एक माणूस लपलेला सापडला. चारचौघांत सहज खपून जावा असा. त्याला राजाच्या शिपायांच्या हवाली केलं. कपार दगडांनी बुजवली. गाणी मात्र गुहेचीच होती आणि गोड होती, ती राहू दिली. पण तेव्हापासून मुलांसोबत रोज एक मोठं माणूस बसू लागलं. लोकर कातरायला चार दिवस जास्त लागले. काहीजण कुरकुरले, पण बसले.

शिपाई त्या माणसाला घेऊन निघाले तेव्हा वस्तीच्या म्हाताऱ्या कारभाऱ्याने त्याला विचारलं, की एवढ्या मुलांतून तू हीच पोर कशी निवडलीस?

"मी कुठं निवडली?" तो म्हणाला. "घरी मार बसेल, असं मी सगळ्यांनाच सांगायचो. ज्यांना ते खरं वाटायचं, ती पोरं माझी."

कारभारी कोपिष्ट म्हणून पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. तो तडक घरी गेला, नातवाला मांडीवर घेतलं आणि हळूच म्हणाला, की तुला काही सांगायचं असेल तर सांग, मी रागावणार नाही. नातवाने आजोबांच्या तोंडाकडे नीट बघितलं. मग त्याने बोलायला सुरुवात केली.

तात्पर्य: मुलांच्या वाटेवरचं विष दूर करावंच, पण रागावण्याआधी ऐकून घेणारं माणूस घरात असणं, हीच त्यांची पहिली राखण.