व्यत्यय पाळणारं गाव

"बसा खाली! आमच्या गावात असं मध्येच उठत नाहीत," कोंडाआत्या कडाडली.

"लाइट गेली, माइक गेला. मग काय अंधाराचं तोंड बघत बसायचं?" नवऱ्या मुलाचे मामा केरबा मांडवात उभे राहून तावातावाने बोलत होते. "पानं वाढा, नाहीतर आम्ही गाडी काढतो. हळदीला आलोय, कैदेत नाही!"

हळदीची संध्याकाळ होती. नवरीची आई मंदा माइकवर ओव्या म्हणत होती. एकेका सोयऱ्याचं नाव घेत ती 'विहीणबाई माझे' इथवर आली आणि वीज गेली. मंदा तिथंच थांबली. नवरीच्या गावचं, आंबेखिंडीचं, एकही माणूस हललं नाही, कुणीतरी कंदील तेवढा लावला. वऱ्हाड मात्र उठलं. मुलाची आई शालनबाई, तीही भावामागं पदर सावरत निघाली. उद्याचं लग्न त्या उठण्यावर येऊन ठेपलं होतं.

कोंडाआत्या नवरीच्या बापाची आत्या. शाळेची पायरी न चढता वाणसामानाच्या पुड्यांवर वाचायला शिकलेली बाई. ती कुणाच्या बापाला भिणार?

"तो टेकडीवरचा मनोरा दिसतो का, मामा?" ती म्हणाली. "आणि येताना पायथ्याला जातं दिसलं असेल. त्यांची गोष्ट ऐका, मग खुशाल जा."

मनोरा गंजला आहे, त्यावर आता घारी बसतात. पण एके काळी तिथं सरकारी टीव्हीचं छोटं केंद्र होतं. आवाज घुमू नये म्हणून खोलीच्या भिंतींना गावातल्या बायकांनी आपल्या गोधड्या टांगल्या होत्या, असं सांगतात. आठवड्यातली एक संध्याकाळ आपल्या मुलखाची. बाजारभाव, गुरांचे आजार, हरवलं-सापडलं, पोरांच्या कविता आणि शेवटी गाणं. गावात टीव्ही एकच, चावडीवर, लाकडी पेटीत कुलूपबंद. निवेदक 'नमस्कार मंडळी' म्हणाला की अख्खी चावडी त्याला उलट हात जोडायची.

त्या काळी गावात दोन जावा होत्या. थोरली भिवराबाई, धाकटी ठकूबाई. एका जात्यावर बसून दोघी दळत, एकीनं ओवी धरली की दुसरी ती पुरी करी. पुढं भावाभावांत वाटणी झाली. भांड्यांवरून, बैलांवरून भांडता भांडता त्या शहाण्यांनी म्हणे जातंही वाटून घेतलं! वरचा दगड थोरल्याकडे, खालचा धाकट्याकडे. दळण दोन्हीकडचं बंद झालं आणि जावांचं बोलणंही. विहिरीवर एक आली की दुसरी घागर तशीच घेऊन परत जाई.

अशात ठकूबाईला केंद्रावरून बोलावणं आलं. सगळं गाव चावडीवर लोटलं. भिवराबाईही आली, पण कंदील शेजारी ठेवून सगळ्यांच्या मागं बसली. पडद्यावर ठकूबाईनं सूर लावला:

'वरचा दगड तुझ्या दारी, खालचा माझ्या ग दारात
जाऊबाई माझे…'

आणि चित्र गेलं. पडद्यावर एक फूल आलं, खाली अक्षरं: व्यत्यय.

"आता काढते बघा थोरलीची उणीदुणी," म्हणून लोक हसले. थोडी वाट बघून आपापले दिवे घेऊन पांगले. भिवराबाई उठली नाही.

कोतवाल म्हणाला, "काकू, चला. पेटी लावायचीय."

"लाव की. मला आत घालून लाव. पण माझं नाव घेऊन ती थांबलीय. काय बोलते ते ऐकल्याबिगर मी हलायची नाही."

वर टेकडीवर साहेबानं ठकूबाईला सांगितलं, "बाई, थांबा आता. खाली कुणाला काही दिसत नाहीये, सगळे गेले असतील." तिनं खिडकीतून पाहिलं. चावडीवर एकच कंदील होता. कुणाचा, ते तिला सांगावं लागलं नाही. ती माइकसमोरून उठली नाही, ओवी तोंडात धरून बसली. यंत्र सुरू झालं तेव्हा तुटल्या शब्दापासूनच तिनं पुढं उचललं:

'जाऊबाई माझे, दाणं वाट पाहती सुपात.'

रिकाम्या चावडीवर ती ओवी ऐकायला भिवराबाई एकटी होती. दुसऱ्या दिवशी तिनं आपला दगड लोटत लोटत धाकटीच्या दारी नेला, मदतीला आलेल्या नवऱ्याला हातही लावू दिला नाही. त्या दोघी गेल्यावर गावानं ते जातं टेकडीखाली मांडलं.

पुढं घरोघरी छत्र्या आल्या, मोजता येणार नाहीत एवढी चॅनेलं आली. टेकडीवरचं केंद्र बंद पडलं आणि टीव्हीत आपल्या गावचं माणूस दिसेनासं झालं. पण आजही आंबेखिंडीत बाया त्या जात्यात मूठभर दाणे टाकतात, आणि कीर्तन असो की हळद, मध्येच खंड पडला तर गाव व्यत्यय पाळतं. गाणारीनं शब्द धरायचा, ऐकणाऱ्यानं जागा.

"गोष्ट चांगली आहे," केरबामामा म्हणाले, "पण तिनं पोट भरतं का? ताई, चल."

कोंडाआत्यानं मामांकडं पाहिलंसुद्धा नाही. कंदील उचलून तिनं शालनबाईच्या तोंडासमोर धरला, आणि जे बोलली त्यानं भांडण तिथंच मिटलं:

"विहीणबाई, ओवी तुमच्या नावावर अडकलीय, पुढं शिवी आहे की साखर, ते न ऐकताच जाणार?"