दादाच्या उंचीची सीट

"माई, दादा पहिल्या दिवशी कुठवर गेला असता?"

माई सुपात तांदूळ निवडत होत्या. एक खडा उचलला, अंगणात फेकला.

"सांगा ना."

दुसरा खडा.

मी नकाशा त्यांच्यापुढे सरकवला.

मल्हारदादा माझा थोरला भाऊ. कावीळ झाली आणि गेला. अजून पहिलं मासिक श्राद्धही झालेलं नाही. माझ्या डोक्यावरचे केस आत्ता कुठे हाताला टोचायला लागलेत.

दिवाळीनंतर तो सायकलवर निघणार होता, एकटाच. हा घाट चढायचा. मग ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर. पुढे भंडारदऱ्याचं पाणी, घोटी, आणि कसाऱ्याचा घाट उतरून घरी. पेन्सिलीनं सगळी रेघ ओढून ठेवलेली. पण रात्री कुठे थांबायचं, ते त्यानं कुठेच लिहिलं नव्हतं.

मी ठरवलं होतं, तो गेला असता तसंच जायचं. तेच रस्ते, तेच मुक्काम. त्यात काही बदलायचं नाही.

माईंचा मठ घाटाच्या पायथ्याला, रस्त्याला लागून. एक खोली, त्यात त्यांच्या गुरूंची समाधी, बाहेर चूल. दादा दर रविवारी घाट चढायच्या सरावाला यायचा आणि इथे टेकायचा. म्हणून मी इथे आलो.

"तुमच्याशी बोलला असेल ना तो?"

"बोलायचा की."

"काय बोलायचा?"

"म्हणायचा, माई, मिरची द्या अजून एक."

"मस्करी नको, माई. मला आजच निघायचंय."

"मग नीघ. मी काय रस्त्यात आडवी पडले?"

माईंनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"कोपर कुठे सोललंस?"

"पडलो."

"कुठे?"

"घाटाच्या दुसऱ्या वळणावर."

"आणि गुडघा?"

"...पहिल्या."

"तरीच. सकाळी टांग टाकताना बघितलं मी तुला. बकरी गवताच्या गंजीवर चढते तशी." त्यांनी फडक्याची चिंधी फाडली, हळद लावून कोपरावर ठेवली. "धरून बस. सायकल आहे का उंट?"

"सीट उंच पडते मला."

"मग खाली कर."

"नाही."

"पाना नाही?"

"पाना आहे."

मला राग आला. त्यांचा नाही... कुणाचा ते माहीत नाही. मी उठलो, त्यांचा हात धरून त्यांना सायकलपाशी नेलं. सीटच्या दांड्यावर लाल चिकटपट्टीचे वेढे होते, ते दाखवले.

"ही दादानं लावलीय. सायकल कितीही खोलली तरी सीट परत इथेच बसली पाहिजे, म्हणून. मी एकदा गुपचूप खाली केली होती, तर कानाखाली वाजवली त्यानं."

"चांगलं केलं."

"ही त्याची उंची आहे, माई. त्याचे कपडे आईनं वाटून टाकले. त्याची खाट मामा घेऊन गेला. ह्या सीटला अजून कुणी हात लावलेला नाही."

"अन् तू घाट कसा चढणार?"

"पडत पडत चढीन."

"कसारा?"

"तोपण."

"खाली येताना पडलास तर तुझी आई कुणाकुणाचे कपडे वाटत बसेल?"

मी सायकलला लाथ मारली. ती आडवी झाली. मग मीच उचलली, सीटवरची माती शर्टानं पुसली.

माई पायरीवर बसल्या. रस्त्यानं एक टेम्पो वर गेला. त्याचा आवाज वळणावळणानं बारीक होत गेला...

"खंडू, आत समाधीजवळ काठी आहे. आण."

ती काठी मी ओळखत होतो. माई तिच्यावर भार देऊन चालायच्या, तिनंच शेळ्या हाकायच्या.

"कुणाची आहे ती?" त्यांनी बाहेरूनच विचारलं.

"तुमची."

"भानगीर बाबांची. माझ्या गुरूंची."

मी काठी कपाळाला लावली.

"आता तिथेच उभी कर. होती तशी, भिंतीला लावून."

उभी केली. धूप-उदबत्तीच्या धुरानं भिंत काळी पडली होती. काठी वर्षानुवर्षं टेकून उभी राहिलेली, तेवढाच एक उभा पट्टा पांढरा राहिला होता. पट्टा काठीच्या वर आणखी वीतभर गेला होता.

मी काठीकडे पाहिलं. मग पट्ट्याकडे. मग काठी उलटी करून खालचं टोक पाहिलं. तिथे करवतीचे दात उमटलेले होते.

"माई... ही कापलीय कुणी?"

"मी."

"गुरूची काठी?"

"बाबा ह्या दारातून वाकून आत यायचे. आणि मी ही एवढी. ते गेल्यावर वर्षभर पूजा केली काठीची. रोज फूल, रोज उदबत्ती. गावची माणसं पाया पडून जायची तिच्या."

"मग?"

"मग पावसाळ्यात ओढ्यावर घसरले. पाण्यात बसल्या बसल्या वाटलं, काठी आहे की आपल्याकडे. ती घेऊन गेले, तर डोक्याच्या वर. धरता येईना. परत घसरले."

"मग?"

"मग सुताराकडनं करवत आणली."

"लोक काही बोलले नाहीत?"

"बोलले तर. पाटलांनी तर वर्षभर मठाची पायरी चढली नाही. आता गुडघे धरलेत त्यांचे, काठी मागायला येतात."

मी बाहेर आलो. काठी त्यांच्या मांडीवर ठेवली. एक गोष्ट विचारायची राहिली होती, आणि ती विचारायचं धाडस होत नव्हतं.

"तो कापलेला तुकडा... समाधीत ठेवलात?"

"नाही."

"मग?"

"चहा केला त्याच्यावर."

"बाबांच्या काठीवर चहा?"

"चांगला झालेला."

माई हसल्या नाहीत. सूप मांडीवर घेऊन पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या.

मी एकदम पिशवीतनं पाना काढला. उशीर केला असता तर झालंच नसतं. नट सैल केला, सीट दाबली. पण ती खाली जाईना. चिकटपट्टीचे वेढे नळीच्या तोंडाशी अडत होते.

"माई, पट्टी काढावी लागेल."

त्यांनी मान वर केली नाही.

नखानं टोक शोधलं. हळूहळू वेढे सोडवले. नाक गळत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. शेवटचा वेढा निघाला आणि सीट आपोआपच खाली आली. माझ्या कमरेपाशी थांबली. नट आवळला.

पट्टी हातात राहिली. तिचं काय करावं, कळेना. खिशात घातली असती तर चुरगळली असती. फेकायचा तर प्रश्नच नव्हता.

कोपरावरची चिंधी सारखी सुटत होती. मी तिच्यावरून पट्टी गुंडाळली. अजून चिकट होती. घट्ट बसली.

सायकलवर टांग टाकली. दोन्ही पाय पायडलवर पुरते टेकले. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. सकाळी पडलो होतो तिथली खडी अजून विखुरलेली होती, तिला वळसा घातला. तिसऱ्या वळणावर दम लागला, पण तो माझाच होता. तिथून खाली मठाची कौलं दिसली आणि आठवलं, नकाशा तिथेच राहिला.

उतरून परत आलो. माईंनी भाकरी बांधून ठेवली होती. फडक्यातून मिरच्यांची देठं बाहेर आली होती.

"पडलास?"

"नाही. नकाशा विसरलो."

त्यांनी माझ्या डोक्यावरून उलटा हात फिरवला. "टोचायला लागले," म्हणाल्या.

मी नकाशाची घडी केली, भाकरी मागे बांधली. निघता निघता पाय खाली टेकला. आता तो टेकत होता.

"माई..."

"आता काय?"

"मी पहिल्या दिवशी कुठवर जाऊ?"

माईंनी सुपातला एक खडा उचलला, अंगणात फेकला.

"भूक लागेल तिथवर."